पालथे खिळे

"ताई, म संपला," कचरूकाका म्हणाले आणि त्यांनी हातातलं प्रूफ टेबलावर सरकवलं.

घरातली साखर संपली हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात ते बोलले. कल्याणी दुपारच्या वर्गासाठी तांब्याचे पत्रे घासत होती. तिनं हात पुसले आणि कागद खिडकीकडे धरला. चौदा पॉइंटात जुळवलेली नावांची यादी होती, एका ओळीवर एक नाव. पण बऱ्याच नावांचं पहिलं अक्षर कागदावर नव्हतंच. मुक्ताबाई आणि मथुराबाई यांच्या म च्या जागी अक्षराच्या रुंदीच्या दोन जाड काळ्या रेघा उमटल्या होत्या. सरुबाई, सोजरबाई यांच्या स च्या जागी तेच. नागोरावांच्या न च्या जागी तेच.

या रेघा कशाच्या ते तिला माहीत होतं. कचरूकाकांनीच शिकवलं होतं. लाकडी खणातलं एखादं अक्षर संपलं तरी जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा, थांबत नाही. तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठलाही खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, घेतो आणि तो पालथा, तोंड खाली आणि बूड वर करून, त्या जागी बसवतो. प्रुफात बुडाच्या दोन रेघा काळ्याभोर दिसतात आणि पाहणाऱ्याला कळतं की इथं अक्षर यायचं आहे. अक्षर मिळालं की पालथा खिळा काढून सुलटा घालायचा. छपाई त्यानंतर.

"एवढे?" कल्याणीनं विचारलं.

"पहिल्या चार पानांत एक्केचाळीस. पुढची बारा पानं मी जुळवायला घेतलीच नाहीत. म्हटलं, आधी विचारावं, खणांना खालून भोक पडलंय का."

कचरू भालेराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. स्वारगेटजवळच्या एका छापखान्यात त्यांनी जुळारी म्हणून वीस वर्षं काढली. त्यांची बायको हिरा तिथंच छापून झालेले खिळे सोडवून खणात परत टाकायचं काम करायची. ती शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख तिला खिळ्यांवरूनच झाली, म्हणजे उलटी. सुलटं वाचायला ती नंतर शिकली. दोघांनी शहाऐंशी साली बिबवेवाडीत हा गाळा घेऊन पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, ट्रेडल, टाकलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, विहाराची पत्रकं असं सगळं छापलं. पुढे कॉम्प्युटर आले, गल्लीच्या तोंडाशीच डीटीपीची दोन दुकानं निघाली आणि दोन हजार तीन साली ट्रेडल थांबलं. त्यानंतरही हिराबाई रोज येऊन खण पुसायच्या. त्या गेल्यावर काका एकटे येऊन पुसू लागले.

दोन हजार अकरा साली कल्याणी पत्ता शोधत आली, तेव्हा भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा होता. ती कलाशाळेतून मुद्राचित्रण, म्हणजे पत्र्यावर कोरून चित्रं छापायला, शिकलेली. "मला शिकवा, हे मोडू नका," असं ती म्हणाली होती. काकांनी तिला खाली वर पाहिलं आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. भाडं त्यांनी मागितलं नाही. दोन अटी घातल्या. एक, खिळा गाळ्याबाहेर जाणार नाही. दुसरी, दोन हजार सोळाच्या दसऱ्याला त्यांना सोळा पानं छापायची आहेत आणि तोवर खण भरलेले राहिले पाहिजेत.

सोळा पानांचा मजकूर त्यांच्या वडिलांच्या वहीत होता. छप्पन साली नागपूरला जाऊन आणि मागाहून वस्तीत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांची नावं नागोराव भालेरावांनी पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली नव्हती, प्रत्येकीची स्वतंत्र ओळ होती. साठ वर्षांनी, अशोक विजयादशमीला, ती यादी वस्तीत घरोघर द्यायची आणि ती हिराच्या हातून गेलेल्या खिळ्यांवर जुळवायची, एवढं एकच काम काकांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. पावसाळ्यात चिकुनगुन्यानं त्यांची बोटं आखडली, दोन महिने ते गाळ्यावर आले नाहीत. सप्टेंबरच्या मध्यावर आले आणि कामाला लागले. चौथ्या पानावर म संपला.

कल्याणी प्रूफ घेऊन पुढच्या दालनात गेली. तिचा नवरा अभय कापडी पिशव्यांवर, याच गाळ्यात दोघं चालवत त्या स्टुडिओचं नाव छापत होता. हिंजवडीतली नोकरी सोडून हातानं काहीतरी करायचं म्हणून तो चार वर्षांपूर्वी या कामात आला होता. हातानं तो आता बहुतेक फोनच धरत असे. तरी कार्यशाळा भरत होत्या त्या त्याच्यामुळे, हे कल्याणी नाकारत नव्हती.

"चौदा पॉइंटचे म कुठे गेले?"

"कुठले म?"

"खणातले. स नाहीत, न नाहीत. अ तर औषधालाही शिल्लक नाही."

"अगं, ते गुडीज." त्यानं पिशवी उचलून वाळत टाकली. "जुलैत खराडीच्या कंपनीच्या बॅचेस झाल्या ना. प्रत्येकाला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, रेझिनमध्ये घालून, कीचेन. गच्चीवर साचे होते, तू पाहिलेस की."

"तू म्हणाला होतास, तुटक्या खिळ्यांच्या डब्यातले आहेत."

"सुरुवातीला डब्यातलेच होते. डबा संपला. खणात एकेका अक्षराचे दोनदोनशे पडलेत, कल्याणी. कुणाला लागतात दोनशे म?"

"सोळा पानं छापणाऱ्याला लागतात."

अभयनं प्रुफाकडे न पाहताच मान हलवली. "पुन्हा ओतून घेऊ. एवढं काय त्यात."

"ओतणारे कुठे राहिलेत? शेवटची फाउंड्री बंद झाली तेव्हा तू शाळेत होतास."

"बरं, चुकलं. पण माझ्या एकट्याच्या डोक्यातनं आलेलं नाही ते." त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. शब्द वाचवायची त्याची ही पद्धत होती. किल्लीच्या कडीत चौदा पॉइंटचा अ होता.

तो तिनंच दिला होता. बारा साली स्टुडिओ सुरू झाला त्या दिवशी, बारीक ड्रिलनं भोक पाडून, कडी अडकवून. काका शेजारीच उभे होते. "एक अ कमी झाला, ध्यानात ठेवा," एवढंच ते म्हणाले होते आणि तिला तो विनोद वाटला होता. ती हसली होती.  गच्चीवरचे साचेही तिनं पाहिले होते. खण उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. तिनं बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर भांडावं लागलं असतं आणि बॅचेस चांगल्या चालल्या होत्या.

तिनं खराडीला मेल केला. तिथं कर्मचाऱ्यांच्या विरंगुळ्याचं खातं उत्कर्षा नावाची एक बाई सांभाळत होती. तिचा फोन लगेच आला.

"सो सॉरी मॅम, आम्हाला वाटलं स्क्रॅप आहे. म्हणजे अपसायकल केलंय असं कार्डवर लिहिलं होतं ना."

"कार्डवर तसं लिहिलं होतं?"

"हो ना. 'मरणाऱ्या कलेचा एक तुकडा, फक्त तुमच्यासाठी.' मी फ्लोअरवर मेलर पाठवते. पण निम्मे लोक प्रोजेक्ट बदलून बेंगलोरला गेलेत."

आठवड्यानं कुरियर आलं. अकरा कीचेन होत्या आणि एक बाटली उघडायचं ओपनर होतं, तेही कुणीतरी मनापासून परत केलं होतं. कल्याणीनं रेझिन तासलं, कडेनं करवतीनं कापलं, शेवटी छिन्नीनं फोडलं. आतून खिळे निघाले. त्यांची तोंडं पॉलिश पेपरनं घासून वर सोनेरी रंग दिलेला होता. म च्या कडा इतक्या बोथट झाल्या होत्या की बोटाला अक्षर लागत नव्हतं.

कचरूकाकांनी एक खिळा चिमटीत धरून भिंगाखाली पाहिला.

"तोंड का घासलं याचं?"

"काळं होतं म्हणून," कल्याणी म्हणाली. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

"तीस वर्षं शाई खाल्ली की काळंच होणार. आपणही होतो." त्यांनी खिळा तुटक्यांच्या डब्यात टाकला. बाकीचे दहा भिंगाखाली न धरताच टाकले.

अभय तेव्हा आत आला. तो काकांशी नेहमी जरा मोठ्यानं बोलत असे, जणू त्यांना कमी ऐकू येतं. "काका, टेन्शन घेऊ नका. यादी कॉम्प्युटरवर टाइप करू, त्याची प्लास्टिकची प्लेट बनवून घेऊ आणि ती ट्रेडलवर चढवून छापू. दिसायला सेम टू सेम. उलट जास्त खोल उठेल, पाठीमागून बोट फिरवलं तरी लागेल."

"कॉम्प्युटरवरच लिहायचं तर कॉम्प्युटरवरच छापतो की. मधे तुमचं प्लास्टिक कशाला?" काका म्हणाले. "आणि खोल उठवायला ते काय गोंदण आहे? खिळ्यानं कागदाला नुसतं शिवायचं असतं. पाठीमागं दिसलं की आमचा मालक कान धरायचा."

अभय हसला. कार्यशाळेत तो हे वाक्य वापरणार, हे कल्याणीला त्याच्या हसण्यावरून कळलं.

काकांनी वही पिशवीत घातली. "दसरा पुढच्या मंगळवारी. तोवर काहीतरी करावं लागेल," असं म्हणून ते गेले. जुळवलेली चार पानं त्यांनी दोरा गुंडाळून लोखंडी पाटावर तशीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कल्याणी वर्गातून बाहेर आली तर अभय फळ्यापुढे उभा होता. काळ्या रेघांचं प्रूफ त्यानं पिनांनी फळ्यावर लावलं होतं आणि चार पावलं मागं जाऊन तो त्याचे फोटो काढत होता.

"हे केवढं भारी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर हलला होता. "बघ ना. नाव आहे, पण नावाचं तोंडच खोडलंय. इतिहासानं पुसलेली माणसं. हे असंच छापायचं, मोठ्या कागदावर. पंचवीस प्रतींची एडिशन."

"इतिहासानं नाही पुसली ती."

"अगं, म्हणजे त्या अर्थानं."

"कुठल्याच अर्थानं नाही. साठ वर्षं वहीत नीट होती. जुलैत तू पुसलीस. गच्चीवरचे साचे मी नुसते बघितले."

अभयनं फोन खाली केला आणि पुन्हा वर धरला. "उत्कर्षाला पाठवलंय मी. त्यांचा डायव्हर्सिटी वीक आहे. चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरला पंचवीस फ्रेम्स. शनिवारी टीम येणार, प्रत्येकजण आपली प्रिंट आपल्या हातानं काढणार."

"काकांना विचारलंस?"

"काकांना आवडेलच. त्यांचं नाव देऊ ना खाली. कोलॅबोरेटर."

  कल्याणी या माणसाला गेली चौदा वर्षं ओळखत होती आणि त्याच्या डोळ्यांत आत्ता खरं पाणी होतं, हे तिला सगळ्यांत किळसवाणं वाटलं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

"मी शनिवारी शिकवणार नाही," ती म्हणाली.

"नको शिकवूस. नुसती ये. कमिट केलंय मी."

तिनं काकांना फोन केला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचा गच्चीचा भाग धरून. पलीकडे त्यांनी प्रेशर कुकरखालचा गॅस बंद केला. मग ते म्हणाले, "किती वाजता येणारेत?"

शनिवारी दहा वाजता वीस माणसं आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट होते. खंडेनवमी दोन दिवसांवर आली म्हणून उत्कर्षानं झेंडूच्या माळा आणल्या होत्या, त्या ट्रेडलला बांधल्या गेल्या. एका माळेचं टोक शाईच्या रुळाला लागून काळं झालं. अभयनं काळ्या रेघांच्या त्या पानाचा फर्मा, म्हणजे जुळवलेले खिळे, चौकटीत आवळून मशिनवर चढवला होता. तो स्पर्शाबद्दल बोलला, स्क्रीनमुळे बोटांची जी उपासमार होते तिच्याबद्दल बोलला. मग खिळ्यानं कागदाला नुसतं शिवायचं असतं, हेही बोलला. लोकांनी माना डोलावल्या.

साडेदहाला कचरूकाका आले. धुतलेला पांढरा सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. ते आधी कल्याणीकडे गेले आणि पिशवीतून एक पुस्तिका काढून त्यांनी तिच्या हातात दिली. सोळा पानं, गुळगुळीत निळं कव्हर, मधोमध दोन पिना. तिनं उघडली. मुक्ताबाई, मथुराबाई, सरुबाई, सोजरबाई, सगळ्या होत्या, पहिल्या अक्षरापासून.

"आमच्याच वस्तीतली एक पोरगी मार्केटयार्डाजवळ डीटीपी करते. प्रेमला म्हणून. दोन दिवसांत दिलं. चुका तीन निघाल्या, त्या काढून घेतल्या."

"पण तुम्हाला खिळ्यांवर हवं होतं, काका."

"खिळे हिरासाठी हवे होते. नावं वस्तीसाठी. दोन्ही जमलं असतं तर बरं झालं असतं. नाही जमलं." त्यांनी चष्मा पुसला. "मशिनवर काय चढवलंय?"

उत्तराची वाट न बघता ते ट्रेडलजवळ गेले. झेंडूची माळ त्यांनी एका बाजूला सारली, फर्मा उतरवून पाटावर ठेवला आणि अभयच्या एप्रनच्या खिशातून आवळायची चावी अशी काढून घेतली, जणू ती त्यांच्याच खिशात होती.

"काका, आत्ता नको," अभय दबक्या आवाजात म्हणाला. "आधी प्रिंट निघू देत. मग तुम्ही म्हणाल ते करू."

"सोमवारी भंगारवाला येतोय. फोन केलाय मी त्याला."

"भंगार? काका, हे हेरिटेज आहे."

"म नाही, स नाही, न नाही, अ नाही. त्याला शिसं म्हणतात." त्यांनी चावी फिरवली, चौकट सैल झाली. "पण जुळवलेली नावं भंगारात द्यायची नसतात. ती वितळतील. आधी सोडवावी लागतात."

त्यांनी पहिली ओळ डाव्या हातात उचलली, ओल्या फडक्यानं पुसली आणि सोडवायला सुरुवात केली. आधी पालथा खिळा. मग एकेक अक्षर आपापल्या खणात. आखडलेल्या बोटांतूनही खिळे पावसाच्या थेंबांसारखे एका लयीत पडत होते. विसांपैकी पंधरा जणांनी फोन बाहेर काढले. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं आणि त्यामुळे अभयला काही बोलता येईना.

"सर, ही फर्स्ट स्टेप आहे का?" एका तरुणानं विचारलं.

"शेवटची," काका म्हणाले.

कल्याणी पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिनं तळाची ओळ उचलली. सोजरबाई. तिचा हात सावकाश चालला. ज, र, ब, प्रत्येकाचा खण तिला शोधावा लागत होता, आणि काकांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. ओळीमागून ओळ सुटत गेली. फोन धरलेले हात थकून एकेक खाली आले. कुणीतरी हळूच विचारलं की कॉफी कुठे आहे.

उत्कर्षा मात्र पुढे आली होती. पाटावरची नावं ती उलटी वाचायचा प्रयत्न करत होती. मग तिनं आपल्या पर्सला अडकवलेली कीचेन सोडवली. आत उ होता. "हे परत घ्याल का?" तिनं काकांना विचारलं.

काकांनी पाहिलं. "तोंड नाही राहिलं त्याला, बाई." आणि तुटक्यांचा डबा त्यांनी कोपरानं तिच्याकडे सरकवला.  मग रेझिनचा ठोकळा डब्यात पडला.

"हे व्हिडिओत नको," अभय कुणाला तरी सांगत होता.

त्याची किल्ली पुढच्या टेबलावर, कापडी पिशव्यांच्या ढिगाशेजारी पडली होती. कल्याणीनं हातातली ओळ संपवली, फडक्यानं बोटं पुसली आणि ती किल्ली उचलली. कडी घट्ट होती. तिचं नख मोडलं. किल्ली तिनं पुन्हा जागेवर ठेवली आणि भोक पडलेला खिळा डब्यात टाकला.

"अ होता?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"आनंदा आहे पानावर, अनसूया आहे, अंकुश आहे." त्यांनी पुढची ओळ उचलून तिच्या हातात दिली. "पालथा आधी काढा."